बर्फाची शाल

माझी भावजय रागना कुणाच्याही घरी गेली की आधी तळघरात उतरते. लग्नाचं जेवण असो, बारसं असो, कुणाच्या घरी काही बरंवाईट झालेलं असो. कोट काढायचा, यजमानिणीला मिठी मारायची आणि "आलेच हं" म्हणून जिना उतरायचा. खाली भट्टीपुढे उभी राहते, डोकं जरा कलतं करते आणि ऐकते. मग वर येऊन कॉफी घेते. पहिला घोट पोटात गेला की सांगते, "फिल्टर बदल गं, धाप लागलीये तिला." आमच्या हॉल्मविकमध्ये, सरोवराकाठच्या या बर्फाळ गावात, घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी ही घरातली एक बाईच आहे, आणि तिची तब्येत रागनालाच विचारायची असते.

रागना मुळात माशांच्या शेडमधली. पिकरेल मासे कापण्यात तिचा हात धरणारी बाई सरोवराच्या या काठावर नव्हती. गावात गॅसची लाइन आली तेव्हा माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तेलाची जुनी भट्टी काढून गॅसची बसवून घेतली. बसवायला शहरातून एक माणूस आला होता. रागना त्याच्यामागे तळघरात जाऊन उभी राहिली आणि विचारायला लागली, ही नळी कशाची, ही तार कुठे जाते, ज्योत निळीच का हवी, पिवळी झाली तर काय समजायचं. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला काय करायचंय? गरम हवा आली की झालं ना?"

ती वर आली आणि कधी नव्हे ती भांडी आपटायला लागली. "माझ्याच पायाखाली आग ठेवून चाललाय आणि मलाच विचारतो, तुम्हाला काय करायचंय!" पुढच्याच हिवाळ्यात ती शहरात शिकायला गेली. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि त्यांच्यात ही चाळिशीची. गावात कॉफीच्या दुकानात टिंगल चालायची, "मासे सोलणारी आता गॅस सोलणार." ती परवाना घेऊन परत आली, आणि टिंगल करणाऱ्यांच्याच भट्ट्या आधी बिघडल्या. हे मला फार आवडलं.

तिची एक खोड आहे. काम संपलं तरी ती निघत नाही. घरच्या माणसाची परीक्षा घेते. त्या शहरी माणसाचा राग तिने असा जिरवलाय. हॉल्मविकमध्ये आता कुणाला "तुम्हाला काय करायचंय" म्हणायची सोय नाही. प्रत्येकाला सगळं करावंच लागतं.

पेत्रीना अम्माकडे तिने नवी भट्टी बसवली त्या उन्हाळ्यात मी तिथेच होते. पेत्रीना ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी, जीभ माझ्यापेक्षाही तिखट. रागना गॅसच्या नळीच्या सांध्यांना ब्रशने साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघत होती.

"माझा एयनार काडी पेटवून बघायचा," पेत्रीना आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाली.

"म्हणूनच त्याला भुवया नव्हत्या," रागना म्हणाली. मग तिने हात पुसले. "चल अम्मा, परीक्षा. घरात गॅसचा वास आला. काय करशील?"

"दिवा लावून बघीन कुठून येतोय."

"नापास."

"बरं, तुला फोन करीन."

"नापास. दिवा नाही, फोन नाही, कसलंच बटण नाही. बूट घालायचे आणि बाहेर पडायचं. फोन शेजाऱ्यांकडून."

"नाइटगाउनवर?"

"नाइटगाउनवर."

"आणि समोर स्टेनी खिडकीत बसलेला असला तर?" पेत्रीना ओरडली. स्टेनी म्हणजे आमचे वडील. ते रस्त्यापलीकडच्या घरात राहतात आणि सगळं गाव त्यांना स्टेनी अफी म्हणतं; आमच्याकडे अफी म्हणजे आजोबा आणि अम्मा म्हणजे आजी.

"अफींना लांबचं दिसत नाही," रागना म्हणाली. तिने पेत्रीनाकडून फिल्टर काढून घेतला, त्यावरचा बाण भट्टीकडे ठेवून पुन्हा बसवून घेतला, भट्टीला टेकवलेले रंगाचे डबे आणि रद्दीचा खोका तिच्याच हाताने दुसऱ्या भिंतीशी हलवून घेतला. शेवटी झोपायच्या खोलीबाहेर विषारी वायूचा गजर लावला. "भट्टी नीट जळली नाही तर जो वायू होतो त्याला वास नसतो, अम्मा. हा नुसता ओरडतो. ओरडला तर?"

"बाहेर," पेत्रीना म्हणाली. "नाइटगाउनवर."

"पास."

जुन्या भट्टीचा धूर छपरावरच्या धुराड्यातून जायचा. या नव्या भट्ट्यांना धुराडं लागत नाही. आमच्या रस्त्यावर अशी पहिली पेत्रीनाचीच. बाजूच्या भिंतीतून दोन पांढऱ्या नळ्या बाहेर काढलेल्या असतात. एकीने भट्टी हवा आत घेते, दुसरीने सोडते. इथे बर्फ किती साचतो ते रागनाला माहीत आहे, म्हणून तिने त्या नळ्या कंबरेच्याही वर काढल्या होत्या. पण आभाळातून पडणाऱ्या बर्फाचाच विचार तिने केला होता. आमच्या वडिलांचा नाही.

वडिलांबद्दल सांगायचं तर, त्यांनी सगळं आयुष्य गोठलेल्या सरोवरावर जाळी टाकण्यात घालवलं. आई गेली आणि मग जाळी माझ्या भावाकडे, वाल्दीकडे गेली. त्या हिवाळ्यात ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. दाढी नाही, रेडिओ नाही. समोर ताट ठेवलं तर जेवायचे, नाहीतर नाही. मी आरडाओरडा करून बघितला, वाल्दीने गोडीगुलाबीने बघितलं, पाद्रीबाबा येऊन गेले. त्यांना उठवलं ते रागनाने. एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "अफी, पेत्रीना अम्माचा गुडघा धरलाय. तिच्या घराला अजून शाल नाही."

आमच्याकडे पहिला दमदार बर्फ पडला की तो फावड्याने घराच्या पायथ्याशी रचून, थोपटून घट्ट करतात. त्याला शाल म्हणतात. बाहेर उणे तीस असलं तरी त्यामुळे आतली फरशी पायाला सोसवते. आमच्या वडिलांची शाल ओळखू येते. बाकीचे बर्फाचा ढीग घालतात. ते भिंत घालतात, खिडकीच्या चौकटीपर्यंत उंच, फावड्याच्या पाठीने इतकी गुळगुळीत केलेली की तव्यावरून हात फिरवावा. त्या दिवशी ते उठले, बूट घातले आणि पेत्रीनाच्या घराला शाल घालून आले. मग सिग्गाच्या. मग शाळेमागच्या फ्रीडाच्या. रस्त्यावरच्या सगळ्या एकट्या बायकांची घरं त्यांनी आपली मानली. संध्याकाळी दमून यायचे, पोटभर जेवायचे आणि बातम्या ऐकून सरकारला शिव्या द्यायचे. शिव्या ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं!

हे सगळं पेत्रीनाच्या नव्या भट्टीच्या आधीचं. ती बसली त्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फ लवकर आला आणि जोरात आला. वडील फावडं घेऊन पेत्रीनाकडे गेले. भिंतीतल्या एका पांढऱ्या नळीतून वाफ भसाभस बाहेर पडताना त्यांना दिसली. त्यांनी हातमोजा काढून पुढे हात धरला. कोमट. जन्मभर ऊब जपून वापरलेला माणूस तो. बिचारीची ऊब रानात चाललीये, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी शाल तिथे मुद्दाम अंमळ जाड घातली, दोन्ही नळ्या झाकून.

भट्टी बंद पडली. बंद पडणारच, श्वास घेता आला नाही तर आपोआप बंद पडायची शहाणी सवय त्या भट्ट्यांना असते. तिच्यात एक छोटा स्विच असतो, हवेचा मार्ग मोकळा आहे ना ते बघणारा. पेत्रीनाने फोन केला, रागना गेली, नळ्या मोकळ्या केल्या. कुणाचं काम ते बर्फ बघताक्षणीच तिला कळलं.

त्या रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे होतो. रागना वडिलांना मासा वाढता वाढता हळूच म्हणाली, "अफी, पेत्रीना अम्माच्या त्या बाजूला शाल नाही घातली तरी चालेल हं."

"बरं, बरं," वडील म्हणाले. सून आपल्याला दगदग नको म्हणून म्हणतेय, असं त्यांना वाटलं. सुनेचं कौतुकही वाटलं असेल.

पुन्हा बर्फ पडला. वडिलांनी पाहिलं, तर त्या बाजूची शाल उसवलेली. वाऱ्याचं काम, असं म्हणून त्यांनी ती पुन्हा घातली. भट्टी पुन्हा बंद. या वेळी रागना लांबच्या एका गावात अडकली होती, वादळाने रस्ता बंद. म्हणून पेत्रीनाने पुतण्याला बोलावलं. हा कोन्नी बोटींच्या इंजिनांत वाढलेला. भर सरोवरात एखादा स्विच दगा देतो, तेव्हा तारेचा तुकडा जोडून त्याला वगळायचं आणि काठ गाठायचा, हे आमच्या कोळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. कोन्नीने हवेचा तो छोटा स्विच हुडकला आणि त्याच्या दोन टोकांना तार जोडून टाकली. भट्टी धडाडली. त्याने कॉफी प्यायली, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी सकाळी मी वडिलांकडे जाते आणि मग रस्ता ओलांडून पेत्रीनाकडे. दार उघडलं तेव्हा तिचे गाल लालबुंद होते. "ये गं, ये. एयनार आला का मासे घेऊन?" म्हणाली. एयनारला जाऊन किती वर्षं झाली! मला वाटलं, चेष्टा करतेय. आत येऊन बघते तर कॉफीचा अख्खा डबा तिने किटलीत रिकामा केलेला. आणि कुठूनतरी बारीक आवाज येत होता, दबलेला, टीटी टीटी करून.

"ते काय वाजतंय?"

"तो भोंगा. पहाटेपासून बोंबलतोय मेला, डोकं उठवलंय माझं," ती कपाळ दाबत म्हणाली. "बॅटरी गेली असेल. ठेवला पलीकडे."

पलीकडे म्हणजे मागच्या ओसरीवरच्या फ्रीझरमध्ये. गोठलेल्या पिकरेलच्या थप्पीत, टॉवेलात गुंडाळलेला तो गजर जीव तोडून ओरडत होता. मी तिच्या अंगावर कोट टाकला आणि तिला ओढतच बाहेर काढलं. ती मला मारत होती, "अगं बूट, बूट तर घालू दे!" बूट मी हातात घेतले. गाडीत बसवून, काचा खाली करून, मी तिथूनच फोन केला.

गावचे आगीचे स्वयंसेवक आले. त्यांचा प्रमुख वायू मोजायचं यंत्र घेऊन आत गेला आणि लगेच बाहेर येऊन नुसती मान हलवली. त्यांनी गॅस बंद केला, सगळी दारं-खिडक्या उघडल्या. पेत्रीनाला तोंडावर ऑक्सिजन लावून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली. आणखी एखादी डुलकी काढली असती तर उठली नसती.

दुपारी रस्ता मोकळा झाला आणि रागना पोचली. तळघरात गेली, वर आली तेव्हा तिच्या मुठीत तार होती. कोन्नी अंगणात उभा होता, चेहरा बर्फासारखा पांढरा.

"बोटीवर असंच करतो आम्ही," तो म्हणाला.

"बोटीला भिंती नसतात, कोन्नी," रागना म्हणाली. ती ओरडली नाही. मी असते तर त्याला फावड्याने झोडला असता.

मग ती भिंतीच्या बाजूला गेली आणि शाल हातांनी उकरायला लागली. आत नळीच्या वाफेने एक पोकळी झाली होती, बर्फाच्या काचेने मढवलेली गुहाच. भट्टी तिथेच धूर सोडत होती आणि तिथूनच हवा आत घेत होती; आपलंच उष्टं पुन्हा पुन्हा खात होती. आणि त्या गुहेला लागूनच तळघराची खिडकी. तिच्या फटींतून तो वायू घरात शिरला होता. जमलेल्या सगळ्यांनी त्या शालीचा गुळगुळीत पृष्ठभाग बघितला. समोरच्या घराच्या खिडकीतला पडदा थोडासा हलला.

संध्याकाळी रागनाच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. वाल्दी म्हणाला, "अफींना सांगायचं, तारेमुळे झालं. कोन्नी तर सगळं अंगावर घ्यायला तयार आहे."

"आणि परत बर्फ पडला की?" रागनाने विचारलं.

"मी बघेन काहीतरी. पण त्यांना हे सांगू नकोस रागना. ते परत त्या खुर्चीत बसतील. या वेळी उठणार नाहीत."

"माहीत आहे मला. मीच उठवलं होतं ना त्यांना? मीच दिलं फावडं हातात." रागना म्हणाली. "वाल्दी, तार नसती तर काय झालं असतं? भट्टी बंद पडली असती आणि म्हातारी एकटी गारठली असती. गावभर सगळ्यांच्या परीक्षा घेत हिंडते मी, आणि घरातल्या माणसाला मासा वाढता वाढता काहीतरी पुटपुटले. त्यांना वाईट वाटेल म्हणून!"

ती रडली. वाल्दी भांडी घासत बसला. त्याला दुसरं काही सुचत नाही अशा वेळी. मी तिच्या बाजूची होते आणि तरी मनातून म्हणत होते, नको सांगूस बाई. माझे वडील आहेत ते.

ती सांगायला गेलीच. तार काढून, नळ्या धुऊन, सगळं पुन्हा तपासून तिने पेत्रीनाची भट्टी सुरू केली आणि वडिलांना रस्ता ओलांडून आणलं. मीही मागोमाग गेले. कडाक्याची थंडी होती, ऊन लख्ख.

"अफी, हातमोजा काढा. नळीपुढे हात धरा. काय लागतं?"

"ऊब," वडील म्हणाले. "वाया चाललीये."

"नापास," रागना म्हणाली.

वडिलांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिने आजवर त्यांना उलट शब्द केलेला नव्हता.

"ही ऊब नाही. ऊब आत राहिली, घरात. हा तिचा श्वास आहे. या दोन नाकपुड्या, आणि दोन्ही तुम्ही बुजवल्या. कोन्नीने तार लावली ते चूकच. पण भट्टी बंद का पडत होती, तर शालीमुळे. पेत्रीना अम्मा त्यामुळे आजारी पडली. मी तुम्हाला आधीच नीट सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आता सांगतेय."

त्यांनी हात तसाच नळीपुढे ठेवला. मग ते म्हणाले, "बर्फावरच्या खोपटात शेगडी असायची. धुराडं बुजलं तर माणूस झोपेत जातो. आम्ही कधी बुजू दिलं नाही."

"माहीत आहे, अफी."

"मला हे धुराडं वाटलंच नाही गं."

त्यांनी हातमोजा घातला, भिंतीला टेकवलेलं फावडं उचलून रागनाच्या हातात दिलं आणि रस्ता ओलांडून घरी गेले. खिडकीतून मला दिसलं. कोटसुद्धा न काढता ते खुर्चीत बसले.

मग पुन्हा तेच दिवस. रेडिओ बंद. दाढी वाढली. रागना जेवण घेऊन जायची तेव्हा ते "थँक यू" म्हणायचे, परक्या बाईला म्हणावं तसं. मला ते ऐकवेना. बर्फ पडतच होता. रस्त्यावरची घरं त्या वर्षी शालीविना उघडी राहिली. दुसऱ्या कुणी फावडं उचलायचं धाडस केलं नाही. प्रत्येक वादळानंतर रागना एकटी गावात घरोघर जाऊन नळ्या बघायची, गॅसच्या मीटरवरचा बर्फ झाडूने झाडायची, आणि मग आपल्या कामांना जायची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"मी खरं सांगितलं आणि माणूस घालवला, लारा," ती मला म्हणाली.

"खरं सांगितलंस म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या बायका जिवंत आहेत," मी खेकसले. "आणि म्हातारा हट्टी आहे. त्याचा हट्ट काय तुझ्याकडून आलाय? तो आमच्या घराण्याचा आहे." खेकसले खरी, पण मलाही रात्री झोप नव्हती.

पेत्रीना इस्पितळातून मुलीकडे गेली होती. मुलगी सोडेना, ही राहीना. शेवटी भांडून परत आली. आली त्याच दुपारी काठी टेकत रस्ता ओलांडून आमच्या वडिलांच्या दारात हजर. मी तिथेच होते, रागना ताट घेऊन नुकती आलेली. पेत्रीनाने कोटाची बटणं सोडली, आत नाइटगाउन.

"हे काय गं अम्मा!" रागना म्हणाली.

"परीक्षेत नापास झाले ना मी? सराव करतेय." मग ती वडिलांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. "स्टेनी, माझ्या स्वयंपाकघराची फरशी बर्फासारखी लागतेय. माझ्या घराला शाल का नाही?"

वडील तिच्याकडे बघेनात. "मी तुला मारलंच होतं, पेत्रीना."

"तू?" ती म्हणाली. "एयनारला जन्मभर जमलं नाही ते तुला जमणार होय? तू मारलं नाहीस. तू ऊब द्यायला आला होतास, आणि तुला नव्या भट्टीतलं काही कळत नव्हतं. मला तरी कुठे कळत होतं? मी भोंगा माशांत ठेवला. कोन्नीने तार लावली. त्या पोरीने जोरात सांगायचं ते हळू सांगितलं. आम्ही सगळे हिंडतोय, तूच तेवढा बसलायस. फार मोठा लागून गेलास काय?"

मला हसू आलं आणि आवरेना. रागना घाबरून वडिलांकडे बघत होती. ते म्हणाले, "फावडं माझ्याकडे नाही."

"माझ्या गाडीत आहे," रागना म्हणाली. "पण परीक्षा द्यावी लागेल."

ते उठले. गुडघे धरले होते, खुर्चीचा हात पकडून उठले. ओसरीवर जाऊन त्यांनी जुने खांब शोधले. गोठलेल्या सरोवरात जाळ्याचं भोक कुठे आहे ते कळावं म्हणून रोवायचे ते. पेत्रीनाच्या भिंतीशी जाऊन नळ्यांच्या दोन्ही बाजूंना, हात पसरून मोजून, त्यांनी दोन खांब रोवले. "याच्या आत शाल येणार नाही," म्हणाले. मग मीटरकडे वळून, "आणि इथे?"

"तिथेही नाही. आणि फावडं लावायचं नाही, झाडू."

"झाडू," त्यांनी मान डोलावली. तळघराच्या खिडकीजवळही त्यांनी एक खांब रोवला. ते तिने सांगितलं नव्हतं.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास," रागना म्हणाली, आणि घाईघाईने गाडीतून फावडं आणायला गेली.

आता प्रत्येक वादळानंतर वडील आधी घरोघर फिरतात. हातमोजा काढायचा, नळीपुढे हात धरायचा, थोडा वेळ उभं राहायचं. मगच शालीचं बघायचं. परवाच्या मोठ्या बर्फानंतर ते दुपारी रागनाच्या स्वयंपाकघरात आले, दाढी केलेली, नाक लाल. मी बटाटे सोलत होते, रागना रस्सा ढवळत होती.

"पेत्रीनाचा श्वास चालू आहे," बूट काढता काढता त्यांनी सांगितलं. "सिग्गाचा चालू. फ्रीडाच्या नळीला खालून बर्फाचा सुळका धरलाय. मी काढला, पण तू एकदा बघून ये."

"जाते जेवल्यावर," रागना म्हणाली. पळी तिच्या हातात तशीच राहिली. "आणि तुमचा, अफी?"

ती भट्टीबद्दल विचारत होती. त्यांच्या घरातही आता तिनेच तशी बसवलेली आहे. वडील एका पायात बूट, एका हातात बूट असे थांबले. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"माझापण चालू आहे, पोरी," ते म्हणाले.

रागनाने रश्शाचं पातेलं उतरवायच्या निमित्ताने पाठ फिरवली. मी मात्र बटाटे तिथेच टाकून उघड रडले. मला असलं काही लपवायला कधी जमलेलं नाही.